सोळा मात्रांची खुर्ची

दिवाळी होते, हलके धान कापून होतात आणि भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडया भरू लागतात. दिवसा पाहुणे आणि खरेदी, रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. आमच्या घरची सागवानी खुर्ची अशा रात्री मांडवात जायची. पेटी वाजवणाऱ्याला बसायला बिनहाताची, ताठ पाठीची खुर्ची लागते आणि तशी आळीत एवढीच होती. सकाळी परत यायची तेव्हा तिच्यावर गुलाल नाहीतर पानाचा डाग ठरलेला. अशी बरीच वर्षं गेली. लाकूड अजून ठणठणीत आहे, बैठक मात्र इतकी खचली की बसणाऱ्याचे गुडघे कमरेच्या वर यायचे.

नवीन बैठक करायचीच होती, तर ती या खुर्चीच्या पूर्वायुष्याला शोभेल अशी करू म्हटलं. दुकानात सारंगी, तबला आणि सुरांच्या खुणा छापलेलं कापड मिळतं, पण ते चित्र झालं, त्यात संगीत कुठे आलं? संगीतातून उचलण्यासारखं आहे ते माप. ४८ सेंटिमीटर रुंदीची बैठक आणि १६ मात्रांचा तीनताल, म्हणजे एका मात्रेला बरोबर ३ सेंटिमीटर. हिशेब इतका चोख जमल्यावर मागे हटायचं कारण उरलं नाही. कापड अर्थात कोसा. मोहाडी-आंधळगावचे माग जवळ असताना दुसरं काही शोधायला जायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काम दोन रविवारांचं आहे. शिवणयंत्र चालवता येत असेल आणि हातोडी बोटावर न मारता खिळ्यावर मारता येत असेल, तर घरी नक्की जमतं.

आधी नकाशा

तीनतालाचा ठेका असा:

१ धा, २ धिं, ३ धिं, ४ धा
५ धा, ६ धिं, ७ धिं, ८ धा
९ धा, १० तिं, ११ तिं, १२ ता
१३ ता, १४ धिं, १५ धिं, १६ धा

पहिल्या मात्रेवर सम, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. भातखंडे पद्धतीत समेला फुली, खालीला शून्य आणि टाळ्यांना २ व ३ हे आकडे लिहितात.

रंग ठरवताना बोल कसा निघतो ते बघायचं. ‘धा’ आणि ‘धिं’ यांत डाव्या हाताचा डग्गा घुमतो, म्हणून हे दोन्ही रंग गडद. ‘ता’ आणि ‘तिं’ फक्त उजव्या हाताच्या तबल्यावर वाजतात, म्हणून ते फिके. आमची निवड: ‘धा’ला लाखेसारखा लाल, ‘धिं’ला कातासारखा तपकिरी, ‘ता’ला कोशाचा मूळ मधाळ रंग, ‘तिं’ला त्याहून फिका, जवळजवळ सायीचा.

इथे मी पहिल्यांदा घसरलो. खालीचा विभाग नवव्यापासून बाराव्या मात्रेपर्यंत, म्हणून कागदावर त्या चारही मात्रा फिक्या रंगवल्या. शेजारच्या काकांनी दंडारीत उभी हयात तबला-ढोलकी वाजवली आहे. त्यांनी नकाशा एकदाच पाहिला आणि विचारलं, “काऊन जी, नवव्यावर तं धा हाय ना?” बरोबर होतं. डग्गा नवव्या मात्रेनंतर थांबतो आणि चौदाव्या मात्रेवर परत येतो. म्हणजे फिका पट्टा दहा ते तेरा. खालीनंतर एका मात्रेने सुरू होतो आणि पुढच्या टाळीची मात्रा ओलांडून संपतो. विभागाच्या चौकटीत न मावणारा हा सरकलेला पट्टाच या बैठकीची खरी नक्षी आहे. मी रंगवलेला नकाशा दिसायला नीटनेटका होता, पण वाजवला असता तर चुकला असता.

नकाशा काढल्यावर आणखी एक गंमत कळते. सारखे बोल जोडीने येतात: धिं-धिं, धा-धा, पुन्हा धिं-धिं. त्यामुळे १६ वेगळ्या पट्ट्या कापाव्या लागत नाहीत. ६ सेंटिमीटरच्या जोडपट्ट्या पुरतात. सोळाव्या मात्रेचा ‘धा’ आणि पुढच्या आवर्तनाचा समेवरचा ‘धा’ हीही जोडीच. ती बरोबर बैठकीच्या कडेवर दुमडते, अर्धी वर आणि अर्धी बाजूला. आवर्तन कडेवर तुटत नाही, खाली उतरून चालू राहतं.

साहित्य

ही मापं ४८ सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल आणि खालून स्क्रू काढल्यावर सुटी होणाऱ्या बैठकीची आहेत.

• कोसा: लाल आणि तपकिरी प्रत्येकी पाऊण मीटर. मधाळ आणि सायीच्या रंगाचे पाऊण मीटर लांब, वीतभर रुंद तुकडे. साडीचा झिरझिरीत कोसा नको. हाताने काढलेल्या जाड सुताचा, गाठीगाठीचा घिच्चा मागा.
• इस्त्रीने चिकटणारं सुती अस्तर, ज्याला शिंपी फ्युजिंग म्हणतात: दोन मीटर
• मांजरपाट: दीड मीटर
• नवार किंवा तागाची पट्टी, ५ सेंटिमीटर रुंद: ५ मीटर
• गोणपाट: अर्धा मीटर
• ५ सेंटिमीटर जाडीचा, दाट आणि बसून न दबणारा फोम
• सिंथेटिक कापसाचा पातळ थर
• खालून लावायला काळं सुती कापड: अर्धा मीटर
• अर्ध्या इंचाच्या चुका, स्टेपल गन आणि पिना
• गोल डोक्याचे पितळी खिळे: दोन बारीक, एक मोठा
• जाड सुती दोरा, फेविकॉल, पॉलिश पेपर, खडू, रिठे

कृती

१. खुर्ची तपासा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून कर्णाच्या दिशेने हलवा. कुरकुरली तर सांधे सैल झाले आहेत. जुना सरस खरवडून काढा, फेविकॉल भरा, दोरीने करकचून बांधा आणि एक दिवस तशीच ठेवा. पायांशी पिठासारखा भुस्सा पडत असेल तर लाकडात किडा आहे. आधी त्याचं औषध करा, मगच पुढचं काम. सागवानी लाकडाला ऑइल पेंट लावू नका. पॉलिश पेपरने हलकं घासून तेलाचा हात पुरेसा आहे.

२. जुनी बैठक सोडवा. चारही स्क्रू काढून एका वाटीत ठेवा. बैठकीच्या चौकटीच्या पुढच्या अंगाला खडूने ‘पुढे’ आणि डाव्या अंगाला ‘डावी’ असं लिहा. डावी म्हणजे समोर उभं राहून बघणाऱ्याची डावी, बसणाऱ्याची नव्हे. पुढे चौकट उलटीपालटी होते तेव्हा हाच शब्द वाचवतो. जुने खिळे पेचकसाने उचकटून पकडीने ओढा. जुन्या बैठकीत काथ्या, कापूस, कधी धानाची तणसही निघते. धूळ फार असते, म्हणून नाकाला फडकं बांधून हे काम अंगणात करा. जुनं कापड टाकू नका, मापाला उपयोगी पडतं.

३. नवार ताणा. पुढून मागे ४ आणि डावी-उजवीकडे ४ पट्ट्या, खाटेच्या विणीसारख्या एक वर एक खाली. प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून पाच चुका मारा. दुसरं टोक लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा, ताण धरून तीन चुका मारा, मग कापा, दुमडा आणि उरलेल्या दोन मारा. बोटाने टिचकी मारून बघा. सैल नवार फसकन वाजते, ताणलेली टणक वाजते. आठही पट्ट्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी ढिली राहिली तर सहा महिन्यांत नेमका तिथेच खड्डा पडतो.

४. थर चढवा. नवारीवर गोणपाट ताणून ठोका. त्यावर फोम चौकटीच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने अर्धा सेंटिमीटर मोठा कापून चिकटवा. वरून सिंथेटिक कापसाचा थर, आणि सगळ्यांवर मांजरपाटाचं आवरण ताणून पिनांनी पक्कं करा. हे आवरण वगळायचा मोह होतो, पण वगळू नका. फोमच्या घर्षणाने कोसा आतून झिजतो आणि तुटलेलं सूत वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

५. आता मोजा. माप घ्यायची वेळ ही, आधीची नव्हे. फोम चढल्यावर रुंदी बदलते. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत टेप लावा आणि येईल त्या आकड्याला १६ ने भागा. आमच्याकडे ४८ आले, म्हणून मात्रा ३ सेंटिमीटरची. तुमच्याकडे ५१ आले तर मात्रा साधारण ३.२ सेंटिमीटरची होईल. सगळीकडे तोच आकडा धरा. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असेल तर उभ्या पट्ट्यांतली कडेची मात्रा मागे जाता जाता कापली जाईल. अशा वेळी पट्ट्या आडव्या घ्या आणि खोलीला १६ ने भागा.

६. कोसा तयार करा. कोसा म्हणजे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम. तुतीच्या रेशमासारखा तो गुळगुळीत नसतो. त्याच्या सुतातल्या गाठी हा दोष नाही, त्या कात्रीने छाटू नका. रंगीत कोशाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग उतरला तर रिठ्याच्या थंड पाण्यातून काढून सावलीत वाळवा आणि पुन्हा तपासा. लाल रंग सायीच्या पट्टीवर उतरला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. मग उलट बाजूने इस्त्री करून फ्युजिंग चिकटवा. आधी चिकटवा, मग कापा. हा क्रम उलटा झाला तर कडा सुटतात आणि पट्टीच्या नुसत्या झिरमिळ्या उरतात.

७. पट्ट्या कापा. प्रत्येक जोडपट्टी शिवून ६ सेंटिमीटर उरायला हवी. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा सेंटिमीटर शिवणीसाठी धरून ८.५ सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर लांब कापा, लांबी ताण्याच्या दिशेने. लाल ४, तपकिरी ५, सायीची १, मधाळ १, अशा एकूण ११. शिवाय दोन्ही टोकांना लावायला मांजरपाटाच्या ८ सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या. त्या बैठकीखाली जातात, धरून ओढायला उपयोगी पडतात आणि कोसाही वाचतो.

८. मांडा, मग शिवा. जमिनीवर डावीकडून उजवीकडे मांडा: मांजरपाट, तपकिरी, लाल, तपकिरी, लाल, तपकिरी, लाल, सायीची, मधाळ, तपकिरी, लाल, तपकिरी, मांजरपाट. प्रत्येकीला चिठ्ठी टाचा. आता बोटाने ठेका म्हणत जा. पहिल्या लाल पट्टीच्या मध्यावर सम. चौथ्या लाल पट्टीच्या मध्यावर आवर्तन पुरं झालं पाहिजे. म्हणताना अडखळलात तर पट्टी चुकली आहे.

सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून बारीक टीप घाला आणि प्रत्येक शिवण उघडून इस्त्री करा. शिवण एक मिलिमीटर आत गेली तर दोन पट्ट्यांतून मिळून दोन मिलिमीटर जातात. वरच्या भागात अशा आठ शिवणी आहेत, म्हणजे १६ मिलिमीटर गेले. अर्धी मात्रा खाल्ली! म्हणून दर दोन शिवणींनंतर टेप लावा. समेपासून मोजल्यास शिवणी ३, ९, १५, २१, २७, ३३, ३९ आणि ४५ सेंटिमीटरवर यायला हव्यात.

९. विभाग टाका. विभागाच्या रेषा जोडपट्ट्यांच्या बरोबर मध्यातून जातात, समेपासून १२, २४ आणि ३६ सेंटिमीटरवर. खडूने रेषा मारा. १२ आणि ३६ या टाळीच्या रेषा. तिथे जाड दोऱ्याने उलटी टीप घाला, म्हणजे सलग, भरीव रेघ उमटते. २४ ही खालीची. तिथे फक्त धावदोरा, एक टाका दिसणारा आणि एक न दिसणारा. जवळून बघणाऱ्याला फरक कळतो, लांबून बघणाऱ्याला नुसता जाणवतो.

१०. ताणा, पण तबला मिळवल्यासारखा. या कामात लोक एका टोकापासून ठोकत सुटतात आणि दुसऱ्या टोकाला कापड तिरकं होऊन बसतं. तबला मिळवणारा तसं करत नाही. तबल्याच्या गजऱ्याला १६ घरं असतात. वादक एका घरावर हातोडी मारतो, मग त्याच्या समोरच्या घरावर आणि असं करत सगळीकडचा ताण सारखा करतो. बैठकीलाही तेच लागू.

चौकटीच्या पुढच्या व मागच्या कडेचा मध्य खडूने खुणावा. कापडाची २४ सेंटिमीटरची खालीची रेषा या दोन खुणांवर बसवा. चौकट उलटी करा, ‘डावी’ कुठे आहे ते वाचून खात्री करा आणि १६ तात्पुरत्या चुका अर्ध्याच ठोका:

• पुढचा मध्य, मग मागचा मध्य
• डावा मध्य, मग उजवा मध्य
• मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे प्रत्येक बाजूला दोन, अशा आठ. दर वेळी एक मारली की तिच्या समोरची मारायची
• शेवटी चार कोपरे, कर्णाने

पुढे-मागे चांगलं ओढा, कारण तो पट्ट्यांच्या लांबीचा ताण आहे. आडवं मात्र सुरकुती जाईल इतपतच. आडवा ताण जास्त झाला तर कोसा शिवणीवर फाकतो. चौकट सुलट करून बघा. पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या असतील तर त्या जागची चूक उपटून पुन्हा मारा. अर्धी ठोकली ती याचसाठी. समाधान झालं की पिना मारा, दोन पिनांमध्ये बोटभर अंतर.

११. कोपरे दुमडा. कोपऱ्यावरचं जादा कापड आत कापून कमी करा आणि एकच चुण घाला. तिचं तोंड बाजूला, पुढे नको. चारही कोपऱ्यांवर ‘धा’चा गडद लाल रंग येतो, त्यामुळे चुणीची सावली त्यात मिसळून जाते. फिका रंग असता तर लपवता आली नसती.

१२. पितळ ठोका. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, तेव्हा या खुर्चीवर थोडं पितळ असायलाच हवं. चौकटीच्या पुढच्या अंगावर, खालच्या कडेपासून एक सेंटिमीटर वर, मात्रेच्या मध्यावर खुणा करा. डाव्या कडेपासून १.५ सेंटिमीटरवर मोठा खिळा, ही सम. १३.५ आणि ३७.५ वर बारीक खिळे, या टाळ्या. २५.५ वर खूण करा, बघा आणि पुसून टाका. ती खाली आहे, तिथे खिळा नाही. सागवान तडकू नये म्हणून आधी बारीक भोक पाडा आणि हातोडीच्या तोंडाला चामड्याचा तुकडा नाहीतर जाड फडकं बांधा, म्हणजे पितळेवर चट्टा उमटत नाही.

१३. खालून बंद करा. उलट बाजूला काळं सुती कापड कडा दुमडून लावा, म्हणजे आतली धूळ फरशीवर गळत नाही. वाटीतले चार स्क्रू घेऊन बैठक जागेवर बसवा. एका कोपऱ्याचा स्क्रू एकदम घट्ट करू नका. इथेही समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

काही फेरफार

पाठीलाही गादी असेल तर तिथे दादरा घ्या. ६ मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग. ३६ सेंटिमीटरच्या पाठीला मात्रा ६ सेंटिमीटरची होते आणि बैठकीच्या जोडपट्टीशी मापात जुळते. लहान स्टुलाला ८ मात्रांचा केरवा पुरे.

घरात करवतकाठी साडी जुनी होऊन पडली असेल तर तिचा काठ बैठकीच्या पुढच्या अंगाला लावता येतो. या काठाचे करवतीसारखे दात छापलेले नसतात. अंगाचा आणि दोन्ही काठांचा असे तीन वेगळे धोटे चालवून, दोन रंगांची सुतं एकमेकांत अडकवत विणकर ते विणतो. एका मात्रेच्या मापात किती दात बसतात ते आधी मोजा. दोन बसले तर बैठकीवर ठाय आणि काठावर दुगुण आयतीच जमली. नाही बसले तर ओढूनताणून बसवू नका. काठ नुसता काठ म्हणूनही सुंदर असतो. आणि नेसण्याजोगी साडी यासाठी फाडू नका.

निगा

खुर्ची थेट उन्हात नको, कोशाचा रंग उडतो. आठवड्याला मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने धूळ झाडा. चहा सांडला तर घासू नका, सुक्या फडक्याने टिपा. वर्षातून एकदा स्क्रू आवळा. मंडईच्या रात्री खुर्ची मांडवात न्यायची असेल तर वरून जुनी चादर घाला. पानाच्या डागाला मात्रा कळत नाहीत.

खुर्ची आता ओसरीत असते. येणारा पाहुणा समोर बसतो, पुढचे खिळे बघतो आणि थोड्या वेळाने सांगतोच, की तुमचा मधला एक खिळा पडला आहे. मी ‘हो, बघतो’ म्हणून सोडून देतो. काका आले तेव्हा त्यांनी एकेका खिळ्यावर बोट टेकवत मोजलं. सम, टाळी, मग रिकाम्या जागेपाशी आल्यावर बोट उचलून तळहात उलटा केला आणि पुन्हा टाळी. खिळ्याबद्दल काही विचारलं नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आता चहा आण.”